गोळा करायला दोघे, वाटायला तिघे : ज्यू समाजाच्या दानधर्म-क्षेत्रात काम करू इच्छिणाऱ्यांसाठी

समाजाचा दाननिधी कसा हाताळावा याविषयी तलमूद या ज्यू धर्मशास्त्राच्या प्राचीन ग्रंथातल्या 'बावा बात्रा' या भागात एक नियम सांगितला आहे. निधी गोळा करायला एकट्याने जाऊ नये, दोघांनी जावे. वाटप मात्र तिघांनी बसून करावे. लोकांकडून पैसे मागणे म्हणजे त्यांच्यावर एक प्रकारचा अधिकार चालवणे, आणि असा अधिकार एकट्याच्या हाती नसावा, म्हणून दोघे. कोणाला किती द्यायचे हे ठरवणे म्हणजे निवाडा करणे, आणि पैशाच्या दाव्याचा निवाडा तीन पंच करतात, म्हणून तिघे. तिथेच पुढे असेही म्हटले आहे की निधी गोळा करत फिरणाऱ्याला बाजारात नाणे सापडले, तर त्याने ते आपल्या खिशात न टाकता निधीच्या थैलीत टाकावे आणि घरी गेल्यावर काढून घ्यावे. नाणे त्याचेच असते, पण पाहणाऱ्याला ते कसे कळणार?

मी ठाण्यातल्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातल्या, कुटुंबात वाढले, काही वर्षे मुंबईत समाजाच्या संस्थांमध्ये काम केले आणि पुढे उत्तर अमेरिकेतल्या एका शहराच्या ज्यू फेडरेशनमध्ये, म्हणजे शहरातल्या ज्यू संस्थांसाठी एकत्र निधी जमवणाऱ्या मंडळात, नोकरी केली. या क्षेत्रात येऊ पाहणारी मराठी मुलेमुली, ज्यांत बेने इस्राएल असतात तसे नसलेलेही असतात, मला बहुधा एकच प्रश्न विचारतात : सुरुवात कुठून करायची? माझे उत्तर त्या जुन्या नियमातच आहे. गोळा करणे आणि वाटणे ही दोन वेगळी कामे आहेत. आपला पिंड यांपैकी कशाचा आहे हे आधी ओळखावे, दुसरे काम निदान समजण्याइतके शिकून घ्यावे, आणि या व्यवसायात आपण कायम दोघांतले एक किंवा तिघांतले एक असणार, एकटे कधीच नाही, हे पहिल्या दिवसापासून मान्य करावे.

आधी शब्द समजून घ्या

हिब्रूत दानाला 'त्सेदाका' म्हणतात आणि त्या शब्दाचे मूळ 'न्याय' या अर्थाच्या धातूत आहे. त्यात दयेचा भाग गौण असून देण्याच्या बांधिलकीचा भाग मोठा आहे. उत्पन्नाचा दहावा हिस्सा द्यावा, ही 'मासेर'ची परंपरा. आणि जो स्वतः निधीतून मदत घेतो त्यानेही त्यातले थोडे दुसऱ्याला द्यावे, असा दंडक आहे. याचा व्यवहारात उपयोग असा की मदत घेणाऱ्याशी बोलताना आपण त्याच्यावर उपकार करत आहोत असा सूर लागता कामा नये, आणि देणाऱ्याशी बोलताना लाचारीचा सूर लागण्याचे कारण नसते.

प्राचीन ज्यू वस्त्यांत दोन व्यवस्था असत. 'कुप्पा' म्हणजे आठवड्याचा निधी, जो गोळा करून शुक्रवारी गरजूंना वाटला जाई. 'तमहुई' म्हणजे रोजचे अन्नछत्र. बाराव्या शतकातील पंडित मैमोनिदेस यांनी दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या. त्यांत सर्वांत वरची पायरी अशी की माणसाला भेट, कर्ज, भागीदारी किंवा काम देऊन अशा स्थितीत आणावे की त्याला पुन्हा हात पसरावा लागणार नाही. न्यूयॉर्कमध्ये १८९२ साली सुरू झालेली बिनव्याजी कर्ज देणारी हिब्रू फ्री लोन सोसायटी याच विचारावर उभी राहिली. जेरुसलेमच्या मंदिरात तर एक 'मौनाची खोली' होती. देणारे तिथे गुपचूप ठेवून जात आणि चांगल्या घरचे पण हालाखीत आलेले लोक गुपचूप घेऊन जात. आजच्या मदत-केंद्रांतली अर्ज भरण्याची खिडकी चारचौघांच्या समोर ठेवायची की आतल्या खोलीत, हा प्रश्न त्यामुळे नुसत्या फर्निचरचा राहत नाही.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे शब्द अगदीच परके नाहीत. कोकणातल्या आणि मुंबईतल्या बेने इस्राएल सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यू प्रार्थनास्थळांत, पूर्वापार मुकादम, चौगुला आणि गब्बाय असे मानकरी असत, आणि त्यांतला गब्बाय म्हणजे खजिनदार. या लेखात ज्या व्यवसायाची चर्चा आहे तो म्हणजे गब्बायाचे पगारी रूप, असे म्हटले तरी चालेल.

नकाशा पाठ करा

अमेरिकेत या क्षेत्राचा कणा म्हणजे फेडरेशन. १८९५ साली बॉस्टनमध्ये पहिले फेडरेशन स्थापन झाले, तेव्हा रशियन साम्राज्यातून येणाऱ्या निर्वासितांमुळे प्रत्येक अनाथालय, दवाखाना आणि मदत-मंडळ त्याच श्रीमंतांच्या दारात उभे राहत होते. यावर तोड म्हणून शहरातल्या सगळ्या संस्थांसाठी वर्षातून एकच मोहीम काढायची आणि जमलेल्या पैशाचे वाटप समितीने करायचे, असे ठरले. आज उत्तर अमेरिकेत अशी १४० च्या आसपास फेडरेशने आहेत. त्यांच्या मोहिमांना देणाऱ्या लोकांची संख्या गेल्या काही दशकांत घटत गेली आहे आणि भार मोजक्या मोठ्या देणगीदारांवर येऊन पडला आहे. त्यामुळे नोकऱ्यांचे स्वरूपही बदलले असून हजार लोकांना फोन लावणाऱ्यापेक्षा चाळीस कुटुंबे नीट सांभाळणाऱ्याला आज मागणी जास्त आहे.

दुसरा गट प्रत्यक्ष काम करणाऱ्या संस्थांचा. ऑगस्ट १९१४ मध्ये ऑटोमन साम्राज्यातले अमेरिकी राजदूत हेन्री मॉर्गेनथाऊ यांनी पॅलेस्टाइनमधल्या उपाशी ज्यूंसाठी ५० हजार डॉलर मागणारी तार न्यूयॉर्कला पाठवली आणि त्यातून 'जॉइंट' या नावाने ओळखली जाणारी जॉइंट डिस्ट्रिब्यूशन कमिटी उभी राहिली. ती भारतात १९६४ पासून काम करते आणि मुंबई-ठाण्यातल्या अनेक वृद्ध बेने इस्राएलांच्या औषधपाण्याला तिचा आधार आहे. १८८० साली सेंट पीटर्सबर्गमध्ये सुरू झालेली ओआरटी ही संस्था हातात कसब देणाऱ्या शिक्षणासाठी ओळखली जाते, आणि मुंबईत तिची शाखा वरळीला आहे. १९५१ साली स्थापन झालेली क्लेम्स कॉन्फरन्स जर्मनीशी वाटाघाटी करून नाझी छळातून वाचलेल्यांसाठी भरपाई मिळवते, आणि त्या पैशातून आज हयात असलेल्या वृद्धांना घरपोच शुश्रूषेचे तास दिले जातात. निर्वासितांसाठी हायस, महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी १९२३ पासूनची हिलेल, अशी ही यादी लांबवता येईल.

तिसरा गट खासगी आणि कौटुंबिक फाउंडेशनांचा. अमेरिकी कायद्याप्रमाणे खासगी फाउंडेशनला दरवर्षी आपल्या मालमत्तेच्या साधारण ५ टक्के रक्कम दानासाठी खर्च करावी लागते. देणगीदाराच्या सल्ल्याने चालणाऱ्या निधी-खात्यांवर असे बंधन नाही, त्यामुळे तिथे पैसा वर्षानुवर्षे पडून राहू शकतो आणि तो हलवणे हेच तिथल्या अधिकाऱ्याचे खरे काम होऊन बसते.

इस्राएलमध्ये नोंदणीकृत बिगर-नफा संस्थेला 'अमूता' म्हणतात. तिथे मराठी जाणणाऱ्याला एक वेगळी संधी आहे. दिमोना, लोद, रामला, अश्दोद, बेर्शेवा या गावांत बेने इस्राएलांची मोठी वस्ती असून त्यांतल्या सत्तरी-ऐंशी ओलांडलेल्या कित्येकांना दुखणे सांगायला अजून मराठीच जवळची वाटते. मराठी, हिब्रू आणि थोडी वैद्यकीय परिभाषा एवढे भांडवल असलेला समाजसेवक तिथे फार सापडत नाही.

आपली बाजू ठरवा

गोळा करण्याच्या बाजूला गेलात, तर तुमचे दिवस भेटी, फोन, आभाराची पत्रे, मोहिमेची आकडेवारी आणि भरपूर चहा-कॉफी यांत जातील. इथे माणसांची आठवण ठेवण्याची सवय लागते, नकार पचवावा लागतो आणि वर्षाअखेरीस आकडा दाखवावा लागतो. वाटण्याच्या बाजूला गेलात, तर अर्जांची छाननी, गृहभेटी, समितीपुढे मांडायची टिपणे आणि दिलेल्या पैशाचे काय झाले याचा पाठपुरावा हे रोजचे काम. इथे ठाम पण मऊ बोलता यावे लागते, कारण आलेल्या अर्जांपैकी बऱ्याच जणांना नाही म्हणायचे असते.

माझे मत विचाराल तर पहिली दोन वर्षे वाटण्याच्या बाजूला काढावीत, मग पुढे गोळा करण्याकडे जायचे असले तरी हरकत नाही. चौथ्या मजल्यावर लिफ्ट नसलेल्या इमारतीत एकट्या राहणाऱ्या बाईच्या स्वयंपाकघरात जो बसून आला आहे, त्याला देणगीदारापुढे चित्रफीत लावावी लागत नाही. उलट क्रमाने आलेल्या माझ्या काही सहकाऱ्यांना मोहीम उत्तम जमत असे, पण पैसा नेमका कुठे जातो असे कोणी विचारले की ते छापील माहितीपत्रक पुढे करत.

पहिले वर्ष : पगाराआधीचे काम

महाराष्ट्रात असाल तर आपल्या परिसरातल्या एखाद्या सिनेगॉगच्या किंवा समाजसंस्थेच्या विश्वस्तांना भेटा आणि कार्यक्रमांसाठी स्वयंसेवक म्हणून नव्हे, तर कागदपत्रांसाठी मदत देऊ करा. कार्यक्रमाला माणसे मिळतात, पण जुने ताळेबंद, ठराव आणि इतिवृत्ते क्रमाने लावून देणारा मिळत नाही. हे करताना कायदा आपोआप हाताखालून जातो. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० नुसार विश्वस्त बदलले की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो, आणि कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीशिवाय न्यासाची जागा विकता येत नाही. ज्या समाजाची माणसे हजारांत उरली आहेत आणि जागा मात्र मुंबई, पनवेल, अलिबागसारख्या ठिकाणी आहेत, त्या समाजाच्या संस्थांत ही दोन कलमे किती महत्त्वाची आहेत हे वेगळे सांगायला नको.

परदेशी पैशाचा कायदा तर तोंडपाठच हवा. समजा, दिमोनात राहणाऱ्या तुमच्या मावशीला रायगडमधल्या गावच्या कबरस्तानाची पडलेली भिंत बांधून द्यायची आहे आणि त्यासाठी ती न्यासाच्या खात्यात ५० हजार रुपये पाठवू म्हणते. ती इस्राएलची नागरिक असेल, तर जन्म अलिबागचा असला तरी तिचा पैसा विदेशी अंशदान ठरतो आणि विदेशी अंशदान नियमन कायद्याखाली नोंदणी किंवा परवानगी नसलेल्या न्यासाला तो घेता येत नाही. तिचा भाऊ नोकरीनिमित्त दुबईत असून भारतीय नागरिकच असेल, तर त्याने आपल्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेला पैसा या व्याख्येत येत नाही. २०२० च्या दुरुस्तीनंतर विदेशी अंशदान स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यावे लागते, प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या वर जाऊन चालत नाही, आणि एका संस्थेने घेतलेली रक्कम दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही. पूर्वी एक मोठी संस्था पैसे घेऊन लहान संस्थांना वाटत असे, ती वाट यामुळे बंद झाली. मावशीला हे समजावून सांगणे, तिचे मन न दुखावता आणि कायदा न मोडता, हा या व्यवसायातला उत्तम पहिला धडा आहे. 'आमच्या बापजाद्यांच्या कबरी, आणि आम्ही परके?' हा तिचा प्रश्न रास्त असतो आणि त्याला कायद्यात उत्तर नसते.

दुसरी गोष्ट जी भारतात शिकायला मिळते ती अमेरिकेत क्वचित मिळते : समाज निघून गेल्यावर संस्थेचे काय करायचे. १८७५ साली हैम सॅम्युएल केहिमकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेने इस्राएल मुलांसाठी मुंबईत शाळा काढली, ती पुढे सर एली कदूरी यांच्या देणगीनंतर त्यांच्या नावाने माझगावला नांदली. आज तिथे शिकणारी बहुतेक मुले ज्यू नाहीत. पुण्यातले ससून रुग्णालय, काळा घोड्याजवळचे डेव्हिड ससून ग्रंथालय यांचे तर पहिल्यापासूनच साऱ्या शहरासाठी दार उघडे होते. मूळ न्यासपत्रात 'ज्यू गरिबांसाठी' असे लिहिले असेल आणि ज्यू गरीब हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले असतील, तर उत्पन्न कशावर खर्चायचे, उद्दिष्ट बदलून घ्यायचे की शिल्लक साठू द्यायची, देणाऱ्याची इच्छा किती ताणायची, या प्रश्नांवर जो दोन-तीन न्यासांच्या बैठकांत बसला आहे, त्याच्याकडे जगात कुठेही उपयोगी पडेल असा अनुभव जमा होतो. मुलाखतीत हा अनुभव सांगायला लाजू नये.

ज्यांना थेट सेवाकार्य पाहायचे आहे त्यांच्यासाठी कळव्याच्या झोपडपट्टीत मुलांसाठी काम करणारा गॅब्रिएल प्रोजेक्ट मुंबई आहे. मदत घेणारे ज्यू नाहीत आणि प्रेरणा मात्र ज्यू परंपरेची, हा प्रकार तिथे जवळून दिसतो. 'आपल्या गरिबांना आधी की सगळ्यांना' हा वाद या क्षेत्रात फार जुना आहे आणि त्यावर तुमचे स्वतःचे मत तयार झालेले असावे, कारण मुलाखतीत ते कधी ना कधी विचारले जाते.

शिक्षणाबद्दल थोडक्यात

टाटा समाजविज्ञान संस्था किंवा निर्मला निकेतन यांसारख्या ठिकाणची समाजकार्याची पदवी हा भक्कम पाया आहे, आणि लेखाशास्त्र येत असेल तर सोन्याहून पिवळे. खास ज्यू संस्था-व्यवस्थापनाचे अभ्यासक्रम अमेरिकेत आहेत. हिब्रू युनियन कॉलेजची लॉस एंजेलिसमधली झेलिकाऊ स्कूल आणि शिकागोची स्पर्टस इन्स्टिट्यूट ही त्यांतली जाणती नावे. मात्र पदवीचा खर्च आणि पहिल्या नोकरीचा पगार यांचे गणित आधी मांडा, कारण सुरुवातीचा पगार बेताचाच असतो, आणि पुष्कळ फेडरेशने आपल्या कर्मचाऱ्यांना नोकरीत असताना शिकायला पैसे देतात. आधी नोकरी, मग त्यांच्या पैशाने पदवी, हा क्रम मला शहाणपणाचा वाटतो.

पंचांग भिंतीवर लावा

या कामात गडबड होते ती बहुतेक वेळा तारखांची. शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी रात्रीपर्यंत शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा विश्रांतीचा पवित्र दिवस. त्या काळात पाळणाऱ्या घरी फोन करायचा नाही, पैशाचा विषय तर काढायचाच नाही. आमच्याकडे जुने लोक ज्याला 'नव्याचा सण' म्हणत तो रोश हशाना, म्हणजे ज्यू नववर्ष, आणि 'दारफाळणीचा सण' म्हणत तो योम किप्पूर, म्हणजे प्रायश्चित्ताच्या उपासाचा दिवस, या दहा दिवसांत सिनेगॉग भरलेले असते आणि दानाचे आवाहन तेव्हाच होते. पण प्रत्यक्ष सणाच्या दिवशी लिहिणे आणि पैशाला हात लावणे दोन्ही वर्ज्य. मग वचन नोंदवायचे कसे? अमेरिकेत खुर्चीवर एक कार्ड ठेवलेले असते, त्याच्या कडेला १८, ३६, १८०, ३६० अशा रकमांच्या छोट्या पट्ट्या असतात आणि माणसाने आपल्या रकमेची पट्टी नुसती दुमडायची. पेनाची गरज नाही. सण संपल्यावर कार्यालयात बसून ती दुमडलेली कार्डे वाचणे हे नव्या कर्मचाऱ्याचे ठरलेले काम, आणि अर्धवट दुमडलेली पट्टी ही ३६ ची की १८० ची यावर होणारे वाद मी पुष्कळ ऐकले आहेत. रकमा अठराच्या पटीत का, तर 'हाय' म्हणजे 'जिवंत' या हिब्रू शब्दातल्या अक्षरांची बेरीज अठरा होते.

पुरीमला गरिबांना दान देणे हा सणाचाच भाग आहे, आणि पेसाहच्या आधी गरजूंच्या सणाच्या खर्चासाठी वेगळा निधी जमतो. त्यात अमेरिकेचे करवर्ष ३१ डिसेंबरला संपते आणि भारताचे ३१ मार्चला, याची भर घाला. शिवाय प्रत्येक मोठ्या देणगीदाराच्या आईवडिलांचा स्मृतिदिन हिब्रू तारखेप्रमाणे नोंदवून ठेवा. त्या दिवशी केलेला, पैसे न मागणारा फोन वर्षानुवर्षे लक्षात राहतो.

मागण्याची बैठक

आता त्या कामाकडे येऊ, ज्याची सगळ्यांना धास्ती असते. मोठी रक्कम मागायला दोघांनी जावे, हा तलमूदचा नियम आजच्या प्रशिक्षणातही जसाच्या तसा शिकवला जातो. दोघांपैकी एक संस्थेचा कर्मचारी आणि दुसरा त्याच शहरातला स्वयंसेवक, ज्याने स्वतः यंदाची देणगी आधीच दिलेली आहे. मागतो तो स्वयंसेवक. कर्मचाऱ्याला कागद आणि तपशील माहीत असतात. ज्याने स्वतः दिलेले नाही त्याने दुसऱ्याला मागू नये, हे पथ्य कडक पाळावे.

जाण्यापूर्वी एका कागदावर चारच गोष्टी लिहाव्यात : या कुटुंबाने आजवर काय दिले, कशासाठी दिले, गेल्या वर्षी आपण त्यांना काय कळवले, आणि आज किती मागायचे. शेवटचा आकडा नेमका हवा. 'जमेल तेवढे द्या' म्हणणे हा नम्रपणा वाटतो, पण त्यात ठरवण्याचे सगळे ओझे आपण समोरच्यावर टाकतो. आकडा उच्चारल्यावर मात्र गप्प बसावे. ती शांतता लांबते, समोरचे गृहस्थ कपाकडे पाहतात, बायकोकडे पाहतात, आणि नव्या कर्मचाऱ्याला वाटते की आता काहीतरी बोलून त्यांना सोडवावे. माझ्या पहिल्याच भेटीत मी असे बोलले. 'किंवा याच्या निम्मे दिले तरी चालेल,' असे माझ्या तोंडून निघून गेले, आणि गृहस्थांनी आनंदाने निम्मे दिले. सोबतच्या वयस्कर स्वयंसेविका गाडीत बसेपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, 'ते हो म्हणणार होते.'

त्याहून वाईट चूक माझ्या हातून पत्रात झाली. देणगी आल्यावर आभाराचे पत्र यादीवरून निघाले आणि ते पतिपत्नी दोघांच्या नावे गेले. पती दोन महिन्यांपूर्वी वारले होते. मृत्यूची बातमी कार्यालयात दोघांना माहीत होती, पण नोंदवहीत कोणी घातली नव्हती. बाईंनी पत्र परत पाठवले, पाकिटावर काही न लिहिता. मी जाऊन क्षमा मागितली, त्यांनी केलीही, पण तेव्हापासून कोणताही गठ्ठा टपालात टाकण्यापूर्वी शहरातल्या अंत्यविधींची त्या तिमाहीची यादी घेऊन मी स्वतः नावे ताडून पाहत असे. याद्या राखणे हे कारकुनी काम आहे असे समजून ते खाली ढकलणाऱ्या अधिकाऱ्यांविषयी माझे मत फारसे चांगले नाही.

वाटपाची खोली

वाटप-समितीत बसणारे बहुतेक सदस्य स्वतः देणगीदार असतात आणि तुम्ही त्यांचे टिपण तयार करणारे कर्मचारी. टिपणात अर्जदाराचे नाव घालू नये, क्रमांक घालावा, कारण शहर लहान असते आणि सदस्यांपैकी कोणाची तरी मुलगी त्या घरातल्या मुलाच्या वर्गात असतेच. गरज किती, आधी काय मिळाले, इतर कुठून काय मिळते, आणि तुमची शिफारस काय, एवढे एका पानात मांडावे. शिफारस न करता 'समितीने ठरवावे' असे लिहिणे ही पळवाट आहे.

गृहभेटीला जाताना घरातल्या वस्तूंवरून गरज मोजू नका. एका घरी मोठा टीव्ही पाहून आमच्या समितीतल्या एकाने भुवया उंचावल्या होत्या. तो टीव्ही शेजाऱ्यांनी जुना झाला म्हणून दिलेला होता आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसाचा दिवस त्यावर जात होता. ज्याने मदत मागितली त्याला चौकशीचे प्रश्न दोनदा विचारावे लागू नयेत यासाठी पहिल्याच भेटीत पूर्ण नोंद करा. नाझी छळातून वाचलेल्या वृद्धांच्या बाबतीत तर रांगेत उभे करणे, यादीतला क्रमांक पुकारणे, कागदपत्रे पुन्हा पुन्हा मागणे या साध्या गोष्टींनीही जुन्या जखमा उघडतात. तिथे काम करणाऱ्या प्रत्येकाला, अगदी वाहनचालकालाही, याचे प्रशिक्षण हवे.

संस्था निवडताना

रुजू होण्यापूर्वी संस्थेचे हिशेब वाचा. अमेरिकेतल्या बहुतेक धर्मादाय संस्थांना 'फॉर्म ९९०' हे वार्षिक विवरण भरावे लागते आणि ते कोणालाही पाहता येते. त्यात उत्पन्न, खर्च आणि वरिष्ठ अधिकाऱ्यांचे पगार असतात. प्रार्थनास्थळांना मात्र ते भरावे लागत नाही, म्हणून तिथे थेट ताळेबंद मागावा. गंगाजळी कुठे गुंतवली आहे आणि ते कोण ठरवते, हे विचारा. डिसेंबर २००८ मध्ये बर्नार्ड मॅडॉफ या न्यूयॉर्कच्या गुंतवणूक-व्यावसायिकाचा घोटाळा उघडकीस आला तेव्हा कितीतरी ज्यू फाउंडेशने आणि संस्था पोळल्या. नाझी छळछावणीतून वाचलेले लेखक एली विझेल यांच्या फाउंडेशनचे सुमारे दीड कोटी डॉलर त्यात बुडाले. ओळखीचा माणूस, आपल्यातला माणूस, सगळ्यांनीच दिलेत मग आपणही देऊ, या विश्वासाने जिथे पैसा गुंतवला जातो तिथे 'दोघे आणि तिघे' हा नियम मोडलेला असतो.

देणगीच्या टक्केवारीवर पगार देऊ करणारी संस्था असेल, तर नकार द्या. निधी-उभारणी करणाऱ्यांच्या व्यावसायिक आचारसंहितेतही हे वर्ज्य मानले आहे. मोठा देणगीदार कर्मचाऱ्यांशी, विशेषतः तरुण स्त्रियांशी, वाटेल तसे वागला तर वरिष्ठ काय करतात, हे आधी काम केलेल्यांकडून खासगीत विचारून घ्या. याचे उत्तर छापील धोरणात सापडत नाही.

ज्यू नसलेल्यांनी यावे का? जरूर यावे. सेवा देणाऱ्या संस्थांत, लेखा विभागात, अर्ज-छाननीत, वृद्धसेवेत असे अनेक लोक आहेत आणि काही ठिकाणी तर त्यांचेच प्रमाण अधिक आहे. काही पदांसाठी, जसे की शिक्षणविषयक किंवा धार्मिक कार्यक्रमांची, ज्यू जीवनाचा आतून अनुभव अपेक्षित असतो, आणि ते आडवळणाने सांगितले जाते. म्हणून तुम्हीच सरळ विचारा. इस्राएलच्या राजकारणावर या समाजात तीव्र मतभेद आहेत, आणि ७ ऑक्टोबर २०२३ च्या इस्राएलवरील हमासच्या हल्ल्यानंतर तर एकेका कुटुंबात आहेत. देणगीदाराच्या दिवाणखान्यात आपले मत मांडायचे की नाही, आणि न पटणाऱ्या कामासाठी पैसे मागायची वेळ आली तर काय करायचे, हे नोकरी धरण्यापूर्वी स्वतःशी ठरवून ठेवावे.

जाताना

पाच-सहा वर्षांनी तुम्ही दुसरीकडे जाल, कारण या क्षेत्रात वर चढण्यासाठी शहर बदलावे लागते. तेव्हा देणगीदारांची यादी सोबत न्यायची नाही. ती संस्थेची आहे, फोनमध्ये साठवलेले क्रमांकसुद्धा. प्रत्येक कुटुंबाच्या नोंदीत तुमच्या डोक्यात असलेले पण कुठेच न लिहिलेले तपशील घाला : कोणाला सकाळी फोन चालत नाही, कोणते भाऊ एका मेजावर बसत नाहीत, कोणाला आभाराच्या फलकावर नाव नको आहे. तोंडी दिलेली वचने तारखेसह लिहा. आणि शेवटच्या महिन्यात तुमच्या जागी येणाऱ्याला घेऊन निदान दहा-बारा जुन्या देणगीदारांच्या घरी जा. चहा घ्या, ओळख करून द्या, बोलण्याची सूत्रे हळूहळू त्याच्याकडे जाऊ द्या. त्या भेटीत पैसे मागायचे नाहीत.